मदत हवी आहे: जंताची गोळी दिली, तरी पुन्हा तेच!

रानजाई: वैतागले आहे. लेकीला जंताची गोळी दिली, थोडे दिवस बरं होतं, आता परत सुरू. शी तपासली, रिपोर्ट नॉर्मल. डोस वाढवू का? लवकर सांगा, रोज रात्रीचं जागरण आहे.

खवय्या: वय? गोळी कुठली? आणि 'परत सुरू' म्हणजे काय, पोटदुखी की जुलाब?

आजीचा_बटवा: वावडिंग घालून उकळलेलं पाणी द्या. गोड बंद! गुळासाखरेनेच जंत होतात.

तिरकस: गोडाने नाही हो होत. अंडी पोटात गेली की होतात.

रानजाई: पाच वर्षांची. अल्बेंडाझोल ४००, एकदाच. अहो, जंत म्हटल्यावर रात्री शीच्या जागी खाजच असणार ना! पांढरे, दोऱ्यासारखे दिसलेही.

काचपट्टी: मग सूतकृमी. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते, म्हणून शीच्या तपासणीत बहुधा सापडतच नाही. सकाळी उठल्याउठल्या, धुवायच्या आधी, तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबा आणि ती लॅबला द्या. गोळीने किडे मरतात, अंडी राहतात. त्यामुळे डोस वाढवायचा नसतो, दोन आठवड्यांनी परत द्यायचा असतो. घरातल्या सगळ्यांनीच घ्यायचा, पण डॉक्टरांना विचारून. कोणी गरोदर असेल तर आधी सांगा. नखं कापा, सकाळी अंघोळ, चड्ड्या-चादरी गरम पाण्यात.

माडाखालचा: आमच्याकडे काकांना बागेत अनवाणी फिरून जंत झाले, हिमोग्लोबिन ७ वर आलं. चपला घाला लेकीला.

तिरकस: दादा, ते अंकुशकृमी (हुकवर्म), मातीतून कातडीत शिरतात. हे नखांतून तोंडात जातात. चपलेने काय होणार?

सात्त्विक: मांसाहार करता का? डुकराचं मांस खाल्लं की जंत थेट मेंदूत.

काचपट्टी: थेट नाही. अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी आतड्यात होतो. मेंदूतल्या गाठी त्याच्या अंड्यांनी होतात, आणि ती न धुतलेल्या कोथिंबिरीवरही असू शकतात. शाकाहाऱ्यांनाही होतं.

रानजाई: डुक्कर कुठून आलं मध्येच? चिकटपट्टी उद्या करते. पण सासूबाई म्हणतात, मला काही होत नाही, मी गोळी घेणार नाही.

खवय्या: लेक झोपते कोणाजवळ?

रानजाई: त्यांच्याच कुशीत.

काचपट्टी: खाज नसली तरी अंडी असू शकतात. त्यांनाही डॉक्टरांकडे न्या.

पाटीपेन्सिल: १० फेब्रुवारीला अंगणवाडीत, शाळेत फुकट गोळी मिळते की! थांबा तोवर.

तिरकस: रात्री जागायला तुम्ही याल?

आजीचा_बटवा: वावडिंग काष्ठौषधीच्या दुकानात मिळेल.