पावसाच्या नक्षत्राचं वाहन काढतात कसं? आणि म्हणींवर कितपत जायचं?

काळीमाती:
मे महिना लागला की घरच्या, भावकीच्या ग्रुपवर नक्षत्र-वाहनांची यादी फिरायला लागते. कोल्हा किंवा मेंढा आला की पाऊस ओढ देणार. बेडूक, म्हैस, हत्ती आला की धो-धो. थोरली माणसं त्यावरून पेरणीचा बेत धरतात. वाहन नक्की काढतात कसं? एकाच नक्षत्राला दोन याद्यांत दोन वाहनं का असतात? आणि 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' या म्हणीला आणि वाहनाला सारखंच वजन द्यायचं का? टिंगल नको. ज्यांना रीत ठाऊक आहे त्यांनी लिहा.

पंचांगपान:
रीत सोपी आहे. सूर्य ज्या क्षणी नक्षत्रात शिरतो त्या क्षणी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पंचांगात बघायचं. सूर्याचं नक्षत्र 'एक' धरून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं. नक्षत्रं 27 घ्यायची, अभिजित सोडून. आलेल्या आकड्याला 9 नं भागायचं. बाकी 1 घोडा, 2 कोल्हा, 3 बेडूक, 4 मेंढा, 5 मोर, 6 उंदीर, 7 म्हैस, 8 गाढव आणि 0 हत्ती.

2024 चं मृग घ्या. सूर्य 7 जूनची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे 8 जून लागल्यावर मृगात गेला, चंद्र होता आर्द्रात. मृग एक, आर्द्रा दोन, म्हणजे कोल्हा. पुढे आर्द्रा लागलं तेव्हा चंद्र मूळ नक्षत्रात. आर्द्रापासून मूळ चौदावं, 9 नं भागून बाकी 5, म्हणजे मोर. बरेच जण सूर्याचं नक्षत्र सोडून पुढच्यापासून मोजायला लागतात, मग सगळी यादी एका वाहनानं मागे सरकते.

यादी खरी की कुणी मनानं जुळवलेली, हे ओळखायला एक खूण आहे. दोन नक्षत्रांमधल्या साधारण 14 दिवसांत सूर्य एक नक्षत्र पुढे जातो आणि चंद्र जवळजवळ 14. म्हणजे मोजणी साधारण 13 नं वाढते, आणि त्यातून 9 गेले की चारेक उरतात. त्यामुळे पुढचं वाहन बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा तीन किंवा चार घरं पुढे येतं. यादीत लागोपाठ तीन हत्ती दिसले तर ती सरळ बाजूला ठेवा.

याद्या जुळत नाहीत त्याला मुख्य कारण म्हणजे मागच्या वर्षाचीच यादी साल बदलून पुढे ढकललेली असते. कधी कुणी प्रवेशाच्या क्षणाऐवजी त्या दिवशीच्या सूर्योदयाचं चंद्रनक्षत्र धरतं. आणि टिळक पंचांग रैवत पक्षाचं, म्हणजे राशिचक्राची सुरुवात रेवतीच्या ताऱ्यापासून धरणारं असल्यानं त्यात सूर्याचा नक्षत्रप्रवेश इतर पंचांगांपेक्षा सुमारे चार दिवस आधी येतो. तेवढ्यात चंद्र कुठल्या कुठे गेलेला असतो.

आता नीट बघा, या गणितात वारा नाही, ढग नाही, समुद्र नाही. सूर्य-चंद्रातलं अंतर आहे, म्हणजे जवळजवळ तिथीच. सावंतवाडीला आणि सांगोल्याला वाहन एकच येतं. पाऊस एकसारखा येईल का?

बांधावरून:
वाहनाबद्दल वरचं पटलं. म्हणींचं मात्र वेगळं आहे, त्यांना त्याच पंगतीत बसवू नका. म्हण पाऊस येईल की नाही ते सांगत नाही. त्या पंधरवड्यात आला किंवा नाही आला तर पिकाचं काय होतं, ते सांगते. म्हणून आधी बघायचं की ती कोणत्या पिकाची आणि कोणत्या भागातली.

'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा.' उत्तरा 13 सप्टेंबरच्या आसपास लागतं. तेव्हा भात पोटरीत किंवा फुलोऱ्यात असतो, ताण बसला की दाणा पोचट राहतो. पाऊस झाला तर भात इतका की कुत्र्यालाही नकोसा. नाही झाला तर पितृपक्षात पानावर वाढायलाही नाही. हीच ओळ काही जण चित्रा नक्षत्राला लावतात आणि अर्थ फिरतो. चित्रा लागतं 10-11 ऑक्टोबरला, तेव्हा हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा भात कापणीला आलेला किंवा कापून पडलेला असतो. पावसात तो आडवा होतो, लोंबीतच कोंब फुटतात आणि खराब झालेला भात कुत्रंही खात नाही. शब्द एक, निवाडा उलटा, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

स्वातीची म्हण रब्बीच्या कोरडवाहू रानाची. ज्वारी-हरभरा उगवून आलेला असतो आणि 24 ऑक्टोबरनंतर एक चांगला पाऊस मिळाला की जमिनीतली ओल पुढे बरीच पुरते. पण ज्याच्या रानात कापलेलं सोयाबीन पसरलंय किंवा कापसाची बोंडं फुटलीत, त्याला तोच पाऊस बुडवतो. म्हण घडली तेव्हा इथं सोयाबीन नव्हतंच.

तरणा पाऊस पुनर्वसूचा, म्हातारा पुष्याचा, सासूचा मघाचा, सुनेचा पूर्वाचा, ही नावं मात्र घरात जरूर बोलत राहा. तारखा ध्यानात ठेवण्याची इतकी सुरेख सोय दुसरी नाही.

काळीमाती:
छान उलगडलं, आभार. मग मृग लागलं आणि एक सर पडली तर चाड्यावर मूठ धरायची की नाही?

मोजपात्र:
एका सरीवर नाही. कृषी खात्याचा सल्ला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरण्याचा आहे. घरी मोजायचं तर सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा घ्या. बादली नको, ती वर रुंद असते म्हणून आकडा फुगतो. डबा उघड्यावर ठेवा, झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवी. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून मिलिमीटर वाचा, लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खातंही साडेआठलाच दिवस मोडतं, म्हणजे त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतं.

बेरीज 75 च्या वर गेली तरी थेट पेरू नका. रानात तीन-चार ठिकाणी वीतभर खणा, तळची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि टिकला तर ओल खाली पोचली. भुगा झाला तर वरचा थर तेवढा भिजलाय, आणि त्यावर पेरलं की बी उगवून चार दिवसांत करपतं. बहुतेक दुबार पेरण्या अशाच होतात, वाहन हत्ती असो नाहीतर कोल्हा.

वहीत तारखेशेजारी नक्षत्राचं नाव आणि वाहनही लिहीत चला. थोरल्यांशी बोलताना मग आपल्याच शिवारातला आकडा पुढे ठेवता येतो, वाद होत नाही.