मदत हवी आहे: भात आडवं न पाडता शेतात चित्र कसं काढावं?

पर्यटकांसाठी वायंगणात (उन्हाळी भातशेतीत) मोठी आकृती काढायचं गावात घाटतंय. इंग्लंडात फळी-दोरीने गहू वाकवून वर्तुळं करतात. डग बाउअर आणि डेव्ह चोर्ली या दोघा इंग्रजांनी १९९१ मध्ये ती आपलीच करामत असल्याचं सांगितलं. कला म्हणून ती सुंदरच. पण तिथलं शेत कोरडं. आपल्याकडे दाणा भरताना ताट आडवं झालं की लोंबी चिखलाला टेकते, दाण्याला कोंब फुटतो, हार्वेस्टरच्या पात्यात ते नीट येत नाही. २० मीटर व्यासाचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस मीटर. हेक्टरी ४ टनांनी सव्वाशे किलो भात धोक्यात. मालकाला न विचारता केलं तर ती नासधूसच.

त्यापेक्षा जपानच्या इनाकादाते गावासारखं, रंगीत पानांची रोपं लावून चित्र काढणं बरं. तिथे १९९३ पासून करतात. खुंट्या-दोरीने आखणी लावणीआधीच हवी, आणि चित्र उंचावरून तिरकं दिसणार म्हणून लांबीकडे ताणून आखावं लागतं.

जांभळ्या पानांच्या भाताचं बी गोव्यात फोंडा-तिसवाडीकडे कुठे मिळेल? ज्योती या भाताच्या जातीबरोबर ते एकाच वेळी पिकेल का? कापणी-मळणी वेगळी केली नाही तर बियाण्यात भेसळ होईल, म्हणून कुणी दोन जाती शेजारी घेतल्या असतील तर मध्ये किती पट्टा सोडला तेही कळवा.