वृद्धाश्रमात हस्तकला घेताना : तुमचे अनुभव लिहा

धुऱ्यावरची : पोळा जवळ आला. काल बाजारात नायलॉनचे रंगीत कासरे टांगलेले पाहिले अन् एक आबा आठवले, म्हणून हा धागा.

२०१४ पासून तीन वर्षं मी वर्धा जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात दर दुसऱ्या शनिवारी जायची. क्रेप कागद, आईस्क्रीमच्या काड्या घेऊन. आज्या फुलं करायच्या, आबालोक भिंतीला टेकून बसायचे. एक आबा तर पाठ करूनच. एकदा पोळ्याआधी मी अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, नेला. ते उठले, वाख ओला केला, टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं अन् पीळ द्यायला लागले. तासाभरात तीन पेडी दावं. माझ्याशी कधी न बोललेला माणूस म्हणाला, "बाई, हे बांधू कोनाले?"

रानवेल : आमच्याकडे वाती. लकव्यानं डावा हात गेलेल्या एक मावशी मांडीवर कापूस ठेवून उजव्या तळव्यानं तेलवाती वळायच्या. बोटाला राख. आमच्या सैल, त्यांच्या कडक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण वातीला डोळे लागतच नाहीत. सुई-कात्रीचं काम मी तेव्हापासून बंदच केलं. अन् चहा आधी, काम मागून.

बुढीचा_नातू : दावं कोणाला दिलं मग? सांगा ना

कापूसवेचणी : एका संस्थेनं पाहुणे बोलावले, आज्यांच्या हातात रंगवलेल्या पणत्या दिल्या, फोटो काढले, पणत्या परत नेल्या. एक आजी मागं मागं गेली, "माहीवाली रंगवाची राह्यली ना वो." अजून जीव जळते माझा.

रानवेल : बाप्पा! कसं करवतं लोकांना.

सेलूकर : आमची एक आजी ८४ वर्षांची, लेकाला ओळखायची नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवायच्या, शाळा निघाल्या, त्यातल्या एकीत शिकलेली. तकली दिली हातात. सूत तुटलं की ओलं बोट लावून सांधायची, पुन्हा फिरवायची. जेवायची घंटा झाली तरी सोडेना.

वऱ्हाडी_पाटा : अंबाडी म्हटलं की मले भाजी अन् ज्वारीच्या कण्याच आठवते, वरून लसणाचं तेल. शेतातून येऊन राहिलो, मग लिहितो. आमच्या आबालोकांनी जुने लाकडी नंदी घासून रंगवले होते, अंगणवाडीच्या पोरांनी तान्ह्या पोळ्यात ओढले.

धुऱ्यावरची : @बुढीचा_नातू, स्वयंपाकात होते. आश्रमाच्या मागच्या गोठ्यात दिलं. गाईवाल्यानं बांधलं, तर आबांनी गाठ सोडली अन् स्वतः पुन्हा बांधली. मग दर शनिवारी आधी गोठ्यात, मग वर्गात.

बुढीचा_नातू : वाख भेटते का आता? आमच्याकडे कोणी अंबाडी पेरतच नाही

धुऱ्यावरची : मी धुऱ्यावर लावते. बी ठेवते तुमच्यासाठी.