अमेरिकेत भाड्याने द्यायला घर घ्यायचंय, पण तिकडचा क्रेडिट स्कोअरच नाही

दुबईकर: मी आणि बायको दुबईत जॉबला आहोत, क्लीव्हलंडजवळ एक घर घेऊन भाड्याने द्यावं असं डोक्यात आहे, पण सोशल सिक्युरिटी नंबर नाही, क्रेडिट स्कोअर नाही, मग लोन देणार कोण? सगळी कॅशच भरायची का?

घरमालक: नाही हो, डीएससीआर लोन बघा, त्यात तुमच्या पगारापेक्षा घराचं भाडं बघतात, म्हणजे भाडं भागिले महिन्याचा खर्च हा रेशो. हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स मिळून महिन्याला 1600 डॉलर जातायत आणि भाडं 2000 येतंय तर रेशो 1.25, चांगला आहे. डाउन पेमेंट मात्र 25-30 टक्के धरून चला, व्याजही जास्तच, आणि प्रीपेमेंट पेनल्टीचं (लोन मुदतीआधी फेडल्यास दंड) कलम नीट वाचा, काही वर्षं अडकवून ठेवतात.

मीनाताई: दादा, आधी टॅक्सचं बघा. नॉन-रेसिडेंटच्या भाड्यावर सरसकट 30 टक्के कापतात, नेट उत्पन्नावर टॅक्स भरायचा पर्याय घेतला तरच व्याज, दुरुस्ती, घसारा वजा होतो. विकताना साधारण किमतीच्या 15 टक्के कापून ठेवतात. आणि मालक गेल्यावर लागणारा वारसा कर! परदेशी माणसाला सूट फक्त 60,000 डॉलर, तो कर भरायला घरच्यांकडे पैसे असावेत म्हणून टर्म इन्शुरन्स घ्याच.

दुबईकर: हे एजंटने सांगितलंच नव्हतं, बरं झालं विचारलं. पुण्यातल्या भावाला पार्टनर घेता येईल का?

घरमालक: एलआरएसखाली (भारतातून परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) त्याला वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात, 10 लाख रुपयांच्या वर टीसीएस (बँक आधीच घेते तो टॅक्स) कापतात, तो रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो. पण तिकडच्या कर्जावर त्याची सही घेण्याआधी फेमा (भारताचा परकीय चलन कायदा) कळणाऱ्या सीएला विचाराच.