सिग्नलला थांबलं की एसीची हवा गरम, हायवेला मात्र गार

पवईकर०९: २००९ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एसी नॉबवाला, साधा. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी पळत असेल तर मस्त गार होते. साकीनाक्याला अडकलं की थोड्याच वेळात नुसती दमट हवा यायला लागते. जागेवर रेस दिली की किंचित सुधारतं. गॅरेजवाला म्हणतो गॅस कमी झालाय, टॉप-अप करू. करून घेऊ का?

गेजआधी: आत्ता नको. गॅस बराच कमी असता तर हायवेलाही कूलिंग पडलं असतं. पळत्या गाडीत कंडेन्सरला (रेडिएटरच्या पुढे बसवलेला, एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून आधी पंखा बघा. इंजिन चालू, एसी फुल, बॉनेट उघडं. एसी कॉम्प्रेसरच्या क्लचचा 'टक' आवाज आला की पंखा लगेच किंवा थोड्याच वेळात सुरू व्हायला हवा. मग कंडेन्सरच्या समोर, जाळीच्या बाजूने वहीचा कागद धरा. तो ओढला जाऊन चिकटून राहिला पाहिजे. गळून पडला तर वारा कमी. हात पंख्यापासून लांब ठेवा, तो मध्येच सुरू होतो.

दुसरी परीक्षा: हवा गरम झालेली असताना कंडेन्सरवर पाण्याची बारीक धार सोडा. मिनिटाभरात हवा गार व्हायला लागली तर गॅसला हात लावू नका, दोष वाऱ्याचा किंवा चिखलाचा. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसला म्हणून फसू नका. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, पिसं, पानं दाबून बसलेली असतात. इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या दाबाने धुवा. प्रेशर वॉशर मारला तर कंडेन्सरच्या बारीक पात्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

कूलिंग_कॉइल: वरच्याशी सहमत, पण गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) लावल्याशिवाय निकाल देऊ नये. आर-१३४ए (एसीतला गॅस), बाहेर ३२ अंशांच्या आसपास, इंजिन १५०० आरपीएम: लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारा पाइप) साधारण ३० ते ४५ पीएसआय, हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणारा) १८० ते २४०. दोन्ही चढलेले असतील तर कंडेन्सरला वारा नाही, गॅस जास्त आहे किंवा आत हवा शिरलीय. दोन्ही उतरलेले असतील तर गॅस कमी. लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. कॉम्प्रेसरचा हा दोष आयडलला, म्हणजे रेस न देता, ठळक दिसतो, रेस दिली की झाकला जातो. म्हणजे रेसने फरक पडतो तेवढ्यावरून पंखा की कॉम्प्रेसर हे ठरत नाही.

एसी बंद असताना गेज बघून 'शंभर पीएसआय आहे, गॅस फुल' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आत थोडाही द्रव गॅस उरला असेल तरी ३२ अंशांना दाब शंभराच्या आसपासच दिसतो.

पवईकर०९: कागद धरून पाहिला. चिकटतो, पण सैल. पंखा फिरतोय, आवाज मंद वाटतो. आणि गॅस खरंच कमी निघाला तर काय सांगू?

गेजआधी: पंखा चालू असताना मल्टिमीटरने त्याच्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा आणि बॅटरीच्या टोकांशी ताडून बघा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असूनही मंद फिरत असेल तर मोटरचे ब्रश किंवा बुश गेलेत. फरक जास्त असेल तर रिले, अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) किंवा काळवंडलेला कनेक्टर. आपल्या खाऱ्या दमट हवेत अर्थचा बोल्ट बराच गंजतो. दोन वेगांचा पंखा असेल तर तो कमी वेगावरच अडकलाय का तेही बघा. मोटर बदलली तर कागदाची परीक्षा पुन्हा करा. वायर उलट्या जोडल्या की पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो.

कूलिंग_कॉइल: गॅस कमी निघाला तर आधी लीक शोधायचं: कंडेन्सरचे कोपरे, पाइपांचे जोड, सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन. तेलकट डाग दिसेल तिथे संशय. जोड उघडला तर ओ-रिंग आणि ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवे, किमान अर्धा तास पंपाने व्हॅक्यूम, मग पंप बंद करून तो व्हॅक्यूम टिकतो का ते बघायचं. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमप्रमाणे, काट्यावर मोजून. हाताला पाइप गार लागला म्हणून भरणं थांबवणाऱ्याकडे गाडी देऊ नका.