दगडफूल हा एक जीव मानावा की दोन?

चर्चाप्रस्ताव

गोड्या मसाल्यातले दगडफूल हे शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हे दुहेरीपण मांडले, तेव्हा शैवाकांच्या अनेक अभ्यासकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या विरोधकांचे प्रतिपादन चुकले, तरी शैवाक ‘एक’ आहे ही त्यांची जाणीव मला खरी वाटते. प्रयोगशाळेत एकटी वाढवलेली बुरशी बहुधा आकारहीन गोळाच राहते. पापुद्र्यांचे ते ओळखीचे अंग शैवालाच्या संगतीतच घडते. ज्याचे शरीर एक, तो जीव एक.

प्रतिसाद १

असहमत. बैलजोडीशिवाय नांगर चालत नाही, म्हणून जोडी हे एक जनावर ठरत नाही. खरी कसोटी वंशाची आहे. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर एकटेच जातात आणि त्यांना नव्या जागी शैवाल नव्याने शोधावे लागते. नामकरणाच्या नियमांतही शैवाकाचे नाव हे त्यातील बुरशीचेच नाव असते, शैवालाचे नाव वेगळे.

प्रस्तावकाचे उत्तर

आपण अर्धेच चित्र पाहता आहात. अनेक शैवाकांच्या पृष्ठभागावरून पिठासारखे कण सुटतात, आणि प्रत्येक कणात शैवालाच्या पेशींभोवती बुरशीचे धागे गुंडाळलेले असतात. तिथे दोघांचा वारसा एकत्रच पुढे जातो. बैल असे जोडीने जन्मत नाहीत.

प्रतिसाद २

मुळात ‘दोन’ हा आकडा तरी पक्का आहे का? टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक शैवाकांच्या बाह्य थरात आणखी एक बुरशी, यीस्टच्या रूपातली, दाखवून दिली. दुसरीकडे पिकावरचा मावा पाहा: त्याच्या पेशींत राहणारे बुख्नेरा जीवाणू आईकडून पिलांकडे जातात, त्याला आवश्यक अमिनो आम्ले पुरवतात आणि बाहेर स्वतंत्रपणे जगू शकत नाहीत. ‘जीव’ असणे हे हो-नाहीचे नसून कमी-अधिक प्रमाणाचे आहे, असे मानल्यास मावा अशा एकत्वाच्या पुष्कळ जवळ येतो आणि शैवाक बरेच मागे राहते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

माव्याबद्दल मान्य. शैवाकात मात्र शैवालाचे लैंगिक पुनरुत्पादन सहसा आढळत नाही, बुरशीचे चालू राहते. ही तडजोड मला एकतर्फी वाटते. यावर कोणी म्हणेल की आपल्या त्वचेच्या पेशीही स्वतःची संतती सोडून देतात. पण त्यांचीच जनुके बीजपेशींतून पुढे जातात. बुरशीच्या बीजाणूत शैवालाचे काहीही जात नाही.