'मांग्सा' म्हणजे मास की मांस? (जावाचा शब्द)

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या शेतकऱ्यांचं जुनं ऋतूंचं कॅलेंडर आहे, प्रानाता मांग्सा, त्याबद्दल वाचत होतो तर मांग्साचा अर्थ एकीकडे ऋतू दिलाय आणि दुसरीकडे शिकार, भक्ष्य. दोन्ही बरोबर कसं? आणि तिसऱ्या मांग्साची खूण दिलीय 'सुता मानुत इंग बापा', म्हणजे मुलगा बापाच्या मागे जातो. सुता म्हणजे आपला सुतच ना? पण शेतीत त्याचं काय काम?

—

दोन्ही बरोबर आहेत दादा, मास आणि मांस हे दोन वेगळे संस्कृत शब्द तिकडे जाऊन एकसारखे झाले. ऋतूवाला मांग्सा मासवरून. बोलताना मात्र मॉन्गसॉ म्हणतात, सुताचंही सुतॉ होतं. वर्षाचे मांग्सा 12, पण सारखे नाहीत, कुठला 23 दिवसांचा तर कुठला 43, कारण मोजणी दुपारच्या सावलीच्या लांबीवरून, आणि प्रत्येकाची ओळख पानगळ, फुलोरा, पाऊस बघून. पहिले दहा नुसते जावानीज आकडे आणि शेवटचे दोन देस्ता, सादा, म्हणजे आपले ज्येष्ठ, आषाढ! 1855 मध्ये सुराकार्ताचे राजे सातवे पाकुबुवाना यांनी हे नीट बांधून दिलं (बुवाना म्हणजे भुवन), पण शेतकऱ्यांकडे हे त्याच्या कितीतरी आधीपासून होतं.

आता सुता. तिसरा मांग्सा साधारण 25 ऑगस्ट ते 17 सप्टेंबर, तेव्हा गादुंग, गेम्बिली असल्या कंदांचे वेल फुटून आधाराच्या काठीवर चढायला लागतात. वेल म्हणजे मुलगा, काठी बाप. मला हे फार आवडतं, उपदेशाची म्हण वाटते आणि असतं वेलाचं निरीक्षण. चौथ्याची खूण तर 'वास्पा कुमेम्बेंग ज्रोनिंग काल्बू', मनात दाटलेले अश्रू, त्याचा संबंध झऱ्यांच्या पाण्याशी. वास्पा म्हणजे बाष्प, आपणही बाष्पगद्गद म्हणतोच की.

—

गेम्बिली म्हणजे आपली कोकणातली कणगर! आमच्याकडे आजी परसात लावायची, काठी रोवून वेल चढवायची, आता गावात दोन घरी पण नसेल. गादुंग मात्र विषारी, कापून बरेच दिवस पाण्यात धुवून मगच खातात. मला वाटतं असं झाड भाषेत राहिलं तर परसातही राहायला मदत होते, वेलच कोणी लावला नाही तर ही खूण पुढच्या पोराला कळणार कशी, त्याला सुता म्हणजे फक्त मुलगाच वाटणार.

काठीवर वेल चढवायला तुमच्याकडे खास शब्द आहे का कोणाकडे? जावात त्या काठीला लान्जारान म्हणतात.